जलसंजीवनी की साखरेचं सरबत?

बाळाला जुलाब लागले की पहिला प्रश्न आईलाच, ‘काय खायला घातलंस?’ हा धाक मनात घेऊनच ती मेडिकलच्या दुकानात जाते आणि ओआरएस मागते. वर्षानुवर्षं तिच्या हातात फळांची चित्रं असलेला खोका पडत आला. ‘ओआरएस’ ठळक अक्षरात, आणि ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नाही’ ही सूचना बारीक. औषधाच्या दुकानातलं म्हणजे औषधच, असं तिला वाटावं हाच त्यामागचा हिशेब. अडाणी म्हणून तिला हसू नका, शिकलेल्या आयाही फसल्या.

खऱ्या जलसंजीवनीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. हे प्रमाण जमलं तरच आतडं पाणी शोषतं. साखर फार झाली तर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच द्रावणावर कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. त्याची पुडी स्वस्त, सरकारी दवाखान्यात तर फुकट. त्यात कंपनीला काय मिळणार? म्हणून नाव तेवढं उचललं आणि सरबत विकलं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षं झगडल्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं एप्रिल २०२२ मध्ये हे नाव वापरायला मनाई केली, आणि जुलैत बारीक सूचनेच्या अटीवर परत मुभा दिली! म्हणजे कंपनीनं फसवायचं आणि आजारी लेकरू कडेवर घेतलेल्या बाईनं भिंग लावून वाचायचं. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ ला ही मुभा काढून घेतली. तेव्हा शिल्लक माल खपवू द्या म्हणत कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

पण हा आदेश नावापुरता आहे. नवं नाव लावून तेच सरबत औषधांच्या फळीवर येऊ शकतं. बाळाच्या दूधपावडरीच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्यानं आळा घातला, तसाच कायदा इथेही मागायला हवा.

तोवर आपापल्या वस्तीतल्या दुकानांत काय विकलं जातं ते गटानं जाऊन पाहावं. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. अंगावरचं दूध चालू ठेवावं. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा शीत रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठावा.