जखमी हरणाचा हिशेब

सारनाथची ओळख करून देताना निग्रोध हरणाची गोष्ट हटकून सांगितली जाते. गाभण हरिणीची पाळी आली, तिच्या जागी हरणांच्या राजाने स्वतःची मान ठेवली, वाराणसीचा राजा विरघळला आणि त्याने हरणांना अभय दिले. करुणेची कथा संपली. माझी तक्रार या सांगण्याविषयी आहे. मुळात पाळी का लागली, ते त्यात गाळलेले असते.

जातकात कारण स्पष्ट दिले आहे. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ते मराठीतही वाचता येते. बागेत कोंडलेल्या हरणांवर कधी राजा, कधी त्याचा आचारी बाण सोडी. धनुष्य दिसताच कळप उधळे. दोन-तीन घाव खाऊन हरणे पळत, खंगत, मरत. हवे असे एक, घायाळ होत अनेक. म्हणून दोन्ही कळपांनी ठरवले, रोज एकाने आपण होऊन ठोकळ्यावर मान ठेवावी. हरणांनी धनुष्यापेक्षा खाटकाचा ठोकळा पत्करला. धनुर्विद्येविरुद्ध याहून कठोर निकाल मला ठाऊक नाही.

आपली भाषा मात्र धनुर्धराच्या बाजूची. वर्मी बाण, अचूक नेम, लक्ष्यवेध. लागलेल्या बाणासाठी शब्दांची कमतरता नाही. बाण घेऊन झाडीत गेलेल्या जनावरासाठी ‘घायाळ हरिणी’ एवढेच होते, तेही आपण प्रेमगीतांना देऊन टाकले.

सराईत तिरंदाज तत्काळ मारतो, असे समर्थन होते. अमेरिकेतल्या परवानाधारक शिकाऱ्यांपासून आपल्याकडच्या पुराणप्रेमींपर्यंत सगळे हेच सांगतात. पण बाण मारतो तो रक्तस्रावाने. खांद्यामागे दोन्ही फुप्फुसे भेदली तर हरीण काही सेकंदांत कोसळते. वीतभर मागे लागला तर तो पोटात जातो आणि मरण तासन्‌तास लांबते. नुसत्या स्नायूत रुतला तर काही हरणे जगतातही, पण ते श्रेय नेमबाजाचे नव्हे. आणि ही वीत त्याच्या हातात नसते. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो, प्रत्यंचेचा आवाज ३४०. तीस मीटरवरच्या हरणाला आवाज आधी पोचतो आणि दचकून दबायला त्याला जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो. नेम हरीण उभे होते तिथला असतो; बाण पोचतो तेव्हा ते तिथे नसते. ब्रिटनने धनुष्याने हरीण मारण्यावर बंदी घातली आहे, ती उगाच नाही.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी आपल्याकडची हौसेची शिकार संपवली. मग हा विषय कशाला, असे कुणी विचारील. कारण हौस संपली तरी मारणे संपलेले नाही. २०१९मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यात नीलगायी मारण्याच्या मोहिमेत गोळी लागून जखमी झालेली एक नीलगाय जेसीबीने खड्ड्यात ढकलून जिवंत पुरली गेली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. हत्यार बदलले, जखमीला हिशेबाबाहेर ठेवण्याची सवय तीच राहिली.

पिकांची नासाडी खरी आहे, आणि जातक तीही लपवत नाही. अभय मिळालेली हरणे शेतात शिरली, लोक राजाकडे गेले. तेव्हा निग्रोधाने आपल्या कळपाला आवरले आणि शेतकऱ्यांनी शेताच्या कडेला पानांची खूण बांधावी असे ठरले. आज हरणांना कुणी राजा नाही. तेव्हा मारण्याची परवानगी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने आधी एवढे लिहून द्यावे: नेम चुकल्यावर रक्ताच्या मागावर कोण जाईल, किती वेळ शोधील, आणि न सापडलेले जनावर कोणत्या रकान्यात मांडले जाईल? तो रकाना नसलेला कागद सहीच्या लायकीचा नाही.