मुलींच्या सामन्यांचा तक्ता कुठे आहे?

दर वर्षी मार्च उजाडला की आपल्या वर्गात फळ्याशेजारी कॉलेज बास्केटबॉलचा तक्ता लागतो. ६८ संघ, कोण कोणाला हरवणार याचे प्रत्येकाचे अंदाज, आणि ज्याचे सर्वांत जास्त अंदाज बरोबर येतील त्याला डबाभर चकल्या. मुलांपेक्षा आम्हा बाबा मंडळींचाच उत्साह अधिक, हे कबूल केले पाहिजे. यंदा पाचवीतल्या एका मुलीने अगदी स्वच्छ मराठीत विचारले, "मुलींच्या सामन्यांचा तक्ता कुठे आहे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिला द्यायचे राहिलेले उत्तर इथे देत आहोत.

मुलांनो, मुलींची ही स्पर्धा आपोआप मोठी झालेली नाही. मार्च १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा या लहानशा कॉलेजच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेसाठी इलिनॉयला निघाल्या, तेव्हा प्रवासाला पैसे पुरत नव्हते. त्यांनी टूथब्रश विकून पैसे जमवले. तरी आठच खेळाडूंना जाता आले. त्या आठजणी विजेतेपद घेऊन परतल्या!

त्याच वर्षी जूनमध्ये 'टायटल नाइन' कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही, असे तो सांगतो. तो मंजूर करून घेण्यात हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांचा मोठा वाटा होता. जपानी वंशाच्या या बाईंना डॉक्टर व्हायचे होते, पण त्या स्त्री आहेत म्हणून मेडिकल कॉलेजांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. कायद्याच्या मूळ ३७ शब्दांच्या वाक्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण मुलींना मैदान मिळाले ते त्याच्या आधाराने.

एन.सी.ए.ए.ने महिलांची स्पर्धा सुरू केली १९८२ साली, ३२ संघांनिशी. पहिल्या अंतिम सामन्यात लुइझियाना टेकने चेनी स्टेटला ७६-६२ असे हरवले. १९९४ मध्ये ६४ संघ झाले. पुरुषांइतके ६८ व्हायला २०२२ साल उजाडले. 'मार्च मॅडनेस' हे नावही महिलांच्या स्पर्धेला त्याच वर्षी मिळाले. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, पुरुष खेळाडूंना व्यायामाच्या साहित्याने भरलेले दालन आणि महिलांना डंबेल्सचा एक छोटा स्टँड, असा प्रकार झाला होता. ऑरेगनच्या सेडोना प्रिन्सने त्याचे चित्रीकरण जगाला दाखवले, तेव्हा कुठे चक्रे हलली.

"मुलींचे सामने बघतो कोण?" असे आपल्यातलेच काही जण म्हणतात. २०२४ चा साउथ कॅरोलिना विरुद्ध आयोवा हा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी दीड कोटीही प्रेक्षक नव्हते. म्हणजे लोक बघत नव्हते म्हणून दाखवत नव्हते असे नाही. नीट दाखवतच नव्हते, म्हणून लोक बघत नव्हते.

इथवर दोष एन.सी.ए.ए.चा. आता आपल्या घराकडे वळू. शनिवारी मुलाचा सामना असला की आपण बाईंना फोन करून सांगतो, "आज तो येणार नाही हं." मुलीचा सामना असला की तिलाच सांगतो, "वर्ग बुडवायचा नाही." मुलगा आठवीत गेला की त्याच्या सरावासाठी आपण वेळापत्रक बदलतो; मुलगी आठवीत गेली की अभ्यास, नृत्य आणि खेळ यांतले खेळच आधी सुटते. आम्ही स्वतःही हे केले आहे. आमच्यापैकी कित्येक आयांचा खो-खो दहावीच्या वर्षी असाच सुटला होता, आणि त्याची हळहळ त्यांना आजही वाटते.

"खेळून पुढे काय मिळणार?" हा प्रश्न रास्त आहे. पण मग मुलगा तरी कुठे एन.बी.ए.मध्ये जाणार आहे? हरल्यावर उठून पुन्हा उभे राहणे, दुसऱ्याला चेंडू देणे, दमल्यावरही धावणे, हे दोघांनाही सारखेच उपयोगी पडते.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पुढच्या मार्चमध्ये फळ्याशेजारी दोन तक्ते लागावेत, एकाच आकाराचे आणि एकाच उंचीवर. आणि सामन्यासाठी वर्गाला सुट्टी द्यायची तर मुलाला व मुलीला एकच नियम असावा. बुडालेला धडा दोघांनीही घरी पूर्ण करावा. चकल्यांचा दुसरा डबा करण्याची जबाबदारी आम्हा बाबा मंडळींकडे. त्या थोड्या कडक झाल्या तर विजेतीने सांभाळून घ्यावे!