डीबगरने आधी सांगावे

एरवी काही सेकंदांत काम उरकणारा सी प्लस प्लसचा प्रोग्राम डीबगरखाली मिनिटेच्या मिनिटे रखडतो, तेव्हा प्रोग्रामर पहिला संशय स्वतःच्या कोडवर घेतो. लूप पुन्हा लिहितो, चांगले चाललेले डेटा स्ट्रक्चर मोडतो. दोष मात्र अनेकदा तिथे नसतोच.

विंडोजवरचे हीपचे प्रकरण याचा नमुना आहे. प्रोग्राम डीबगरमधून सुरू झाला, की विंडोज त्याला नेहमीचा हीप न देता तपासणीचा हीप देऊ शकते. मागितलेली मेमरी ठरावीक आकड्याने भरली जाते, तुकड्याच्या शेवटी पहाऱ्याचे बाइट ठेवले जातात आणि मेमरी परत करताना ते शाबूत आहेत का, हे पाहिले जाते. हद्दीबाहेर लिहिणारा कोड यामुळे सापडतो. ही सोय मोलाचीच आहे. पण लाखो लहान तुकडे घेणाऱ्या आणि सोडणाऱ्या प्रोग्रामचे कंबरडे या झडतीने मोडते. कधी कधी तो बंद होतानाही अडून बसतो. शिवाय हे रिलीज बिल्डलाही लागू असल्याने ‘डीबग बिल्ड आहे, हळू चालणारच’ हे ठरलेले उत्तर इथे उपयोगाचे नाही.

शहानिशा सोपी आहे. प्रोग्राम डीबगरविना सुरू करावा आणि मग त्याला डीबगर जोडावा. हीप कोणता, हे प्रोग्राम सुरू होतानाच ठरते. त्यामुळे असा मागाहून जोडलेला प्रोग्राम वेगात चालला तर पहिला संशय हीपवर घ्यावा. ‘नो डीबग हीप’ या नावाचा, सुरुवातीला अंडरस्कोर असलेला एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ केला की ही तपासणी थांबते. व्हिज्युअल स्टुडिओने २०१५च्या आवृत्तीपासून सी प्लस प्लससाठी ती मुळातच बंद ठेवली. त्याआधी कितीतरी लोकांनी निर्दोष कोडची चिरफाड केली असेल, कारण तपासणी चालू असल्याचे पडद्यावर कुठे दिसत नव्हते. आता ती बंद आहे, हेही कोणी आपणहून सांगत नाही आणि मेमरीची चूक शोधणाऱ्याला तीच हवी असते.

सशर्त ब्रेकपॉइंटचेही असेच. अट खोटी ठरली तरी प्रत्येक फेरीत प्रोग्राम थांबतो, डीबगर अट तपासतो आणि मग त्याला पुढे सोडतो. सतत फिरणाऱ्या लूपमध्ये ही अट कोडमध्येच ‘इफ’ म्हणून लिहावी आणि साधा ब्रेकपॉइंट त्याच्या आत ठेवावा.

जीडीबी हा डीबगर सांगण्याच्या बाबतीत बरा वागतो. व्हेरिएबलवर पाळत ठेवायला सांगितली, की ती ‘हार्डवेअर वॉचपॉइंट’ आहे की नुसता ‘वॉचपॉइंट’, हे तो लगेच छापतो. एक्स८६ प्रोसेसरमध्ये अशा पाळतीसाठी चारच रजिस्टर असतात. पाळतीतला व्हेरिएबल त्यांत मावला नाही, तर जीडीबी प्रोग्राम एकेक सूचनेने पुढे ढकलतो आणि वेग शेकडो पटींनी घटू शकतो, असे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. पण ‘हार्डवेअर’ या एका शब्दाचा अर्थ ठाऊक असणाऱ्यालाच हा इशारा कळतो. नवख्याला तो कळत नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे: डीबगरने प्रोग्राम सुरू करताना साध्या भाषेत एक ओळ दाखवावी. हीप तपासणीचा आहे की नेहमीचा, सशर्त ब्रेकपॉइंट किती, पाळत प्रोसेसरची की पायरीपायरीची. ही सगळी माहिती डीबगरला मिळू शकते. ती छापायला वेगळे संशोधन लागत नाही.