परतीच्या वारीलाही वाट हवी

आषाढी एकादशीची महापूजा टीव्हीवर पाहून झाली की बहुतेकांच्या लेखी वारी संपते. चंद्रभागेवरची गर्दी एसटी, रेल्वे, टेम्पो, मिळेल त्या वाहनाने पांगते. शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीची मात्र तेव्हा परतीची सारी वाट शिल्लक असते. पौर्णिमेचा काला झाला की ती पायीच मागे फिरते. कुर्डुवाडी, बार्शी, भूम, बीड, गेवराई असं चालत शहागडला गोदावरी ओलांडते आणि जालना जिल्ह्यात शिरते.

जाताना अकोला, परभणी, परळी, तुळजापूर, सोलापूर असा लांबचा फेरा आणि येताना हा दुसरा रस्ता. सुमारे सातशे वारकरी जवळपास दोन महिने चालत असतात. वडीगोद्री, अंबड करत ते जालना शहरात येतात, तेव्हा पायाखालून हजारावर किलोमीटर गेलेले असतात. पुढे न्हावा, मग जिजाऊंचं सिंदखेड राजा. तिथून लोणार, मेहकर, खामगाव आणि घर.

या टप्प्यातला दिवस पाहावा. पहाटे काकडा, उजाडायच्या सुमारास वाटचाल, दुपारी एखाद्या शाळेत किंवा मंदिरात पंगत, घटकाभर विसावा, पुन्हा चाल. मुक्कामी हरिपाठ आणि कीर्तन. जड सामान गाडीत असलं तरी टाळ, वीणा, पताका खांद्या-हातावरच. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, कुठे कोळपणी चाललेली. कोळपं थांबवून माणसं बांधावरून रस्त्यावर येतात, पालखीपुढे डोकं टेकवतात. गावोगावच्या बाया पहाटेपासून भाकरी थापत बसलेल्या असतात. दुष्काळाच्या वर्षीही या जिल्ह्याने पंगतीला कधी हात आखडता घेतलेला नाही, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे.

लोकांनी आपलं काम केलं. रस्त्याने केलेलं नाही.

जालना हे लोखंडी सळ्यांचं आणि बियाण्यांचं शहर. इथे अवजड गाड्यांची वर्दळ रात्रंदिवस असते. चालणाऱ्याच्या वाट्याला उरते ती साइडपट्टी, आणि ती बहुतेक ठिकाणी डांबरापेक्षा वीतभर खाली, खडी उघडी पडलेली. पावसाने दडी मारली की डांबर तापतं, पाऊस आला की काळ्या मातीचा चिकटा पायात येतो. हजार किलोमीटर चाललेल्या तळव्यांना हे दोन्ही सोसवत नाही. रस्ता रुंद करताना कडेचे वड, कडुनिंब आणि चिंचा सर्वांत आधी जातात. त्यांच्या जागी लावलेल्या शोभेच्या झुडपांची सावली कुणाच्याही डोक्यावर पडत नाही.

उपाय माहीत नाही असंही नाही. आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली, ती दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरूनच. म्हणजे आराखड्यात वारकऱ्याचे पाय मोजता येतात. त्याच राज्यात 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्यावर पायी चालायला बंदी आहे आणि तिथल्या वेगाचा विचार करता ती योग्यच आहे. पण मोटारींसाठी संपूर्ण नवा मार्ग उभारू शकणाऱ्या राज्याला शहागड ते सिंदखेड राजा एवढ्या पट्ट्यात चालण्याजोगी साइडपट्टी परवडत नाही, हे पटणारं नाही.

सातशे माणसं वर्षातून एकदा जाणार, त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला, असं कुणी विचारेल. एक तर मुक्ताबाईंची पालखीही याच जिल्ह्यातून जाते. मुक्ताईनगरहून निघून देऊळगाव राजा, जालना, अंबड करत ती आषाढीपूर्वी बीडकडे उतरते. दुसरं, उरलेले महिने याच कडेने पोरं शाळेत जातात, ऊसतोड कामगार बैलगाड्या हाकतात, म्हाताऱ्या बाजाराला निघतात. त्यांच्यासाठी कुणी पोलीस बंदोबस्त लावत नाही.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेचा फ्रान्सकडून येणारा मार्ग सुमारे 780 किलोमीटरचा. तिथे वाटेवर शिंपल्याच्या खुणा आहेत, यात्रेकरूंसाठी निवारे आहेत. पूर्वी तिथले यात्रेकरूही पायीच परतत. आज बहुतेक जण विमानाने किंवा रेल्वेने घरी जातात. चालत परतायची रीत शेगावने जिवंत ठेवली आहे. तिची जगाला ओळख करून देण्याआधी आपल्या बांधकाम विभागाला करून द्यायला हवी.

मुक्कामांचं वेळापत्रक पालखी निघण्याआधीच जाहीर होतं, म्हणजे तयारीला अवधी नाही ही सबब चालणार नाही. मुरूम दाबून साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणावी. सामाजिक वनीकरण विभागाने पावसाच्या सुरुवातीला वड-कडुनिंबाची रोपं लावावीत, आणि पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात टँकरने पाणी घालायची जबाबदारी ग्रामपंचायतींना पैशांसकट द्यावी. प्रत्येक विसाव्याच्या गावी महिलांसाठी पाणी असलेली पक्की शौचालयं हवीत. यातली पहिली दोन कामं पुढच्या आषाढाआधी सुरू होऊ शकतात. त्यासाठीची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत मांडायला हवी.