'शॅल' आणि 'मे' : चूक आमच्याही निवेदनांत आहे

सीमाभागातून निघणाऱ्या मराठी निवेदनांत एक वाक्य हटकून आढळते : 'घटनेच्या कलम ३५० अ नुसार मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देणे राज्यावर बंधनकारक आहे.' हे वाक्य सदोष आहे. आम्हीही ते वर्षानुवर्षे लिहून दिले, हे आधीच कबूल करतो.

शाळेत आम्हांस शिकविले गेले की, 'शॅल' हे प्रथम पुरुषाचे भविष्यकाळी सहायक क्रियापद आणि इतर पुरुषांस 'विल'. कायद्याच्या इंग्रजीत हा धडा उलटतो. तेथे तृतीय पुरुषी कर्त्यापुढे 'शॅल' आले की आज्ञा होते. 'मे' आले की मुभा. मराठी अनुवादात 'शॅल'चे 'करील', 'राहील' होते, म्हणजे आज्ञा आणि भविष्यकाळ एकाच रूपात. 'सरकार शाळा काढील' हे वाचणारा साधा माणूस वाट पाहत बसतो.

आता १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० अ पाहा. त्यात दोन्ही शब्द आहेत. पूर्वार्धातील 'शॅल' कोणत्या क्रियेस जोडले आहे? 'पुरविणे' या क्रियेस नव्हे. राज्याचा व स्थानिक प्राधिकरणाचा 'प्रयत्न असेल', असे ते आहे. आज्ञा आहे ती प्रयत्नाची, शाळेची नव्हे. उत्तरार्धात राष्ट्रपती राज्यास निर्देश देऊ शकतात, तेथे 'मे'. म्हणून बंधनकारक शाळा मागणारा अर्ज पहिल्याच सुनावणीत लंगडा पडतो.

मग कचेऱ्यांतील साहेबांचे म्हणणे खरे काय? 'इथे मे आहे, आमच्यावर सक्ती नाही,' हे उत्तर आम्ही कितीदा ऐकले! तेही तितकेच उथळ आहे. ज्युलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या १८८० च्या निवाड्यात लॉर्ड केर्न्स यांनी सांगितले की, मुभा देणाऱ्या शब्दांमागेही कर्तव्य जोडलेले असू शकते; ज्यांच्या हितासाठी अधिकार दिला, त्यांनी मागणी केल्यावर तो वापरावाच लागतो. (त्या खटल्यात बिशपच जिंकले, हे विरोधी वकील सांगतीलच, तयारी ठेवावी.) उलट, १९५७ साली मनबोधनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३२० मधील 'शॅल' केवळ निर्देशात्मक ठरविले. तात्पर्य, न्यायालय शब्द मोजत नाही. तो शब्द कोणाच्या हितासाठी योजला आहे, हे पाहते.

निखळ 'शॅल' आमच्या हाती आहे ते कलम ३५० मध्ये. गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकास हक्क आहे. मराठी अर्ज 'भाषा चालत नाही' म्हणून खिडकीवरून परत करणारा कारकून या 'शॅल'ला पाय देतो. मात्र हक्क आहे तो निवेदन देण्याचा. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे कलम म्हणत नाही. आमचे कार्यकर्ते ते गृहीत धरतात आणि तेथेच वाद हरतात.

तेव्हा पुढील निवेदनाचा मसुदा बदलावा. 'शाळा द्या' या मागणीआधी विचारावे : या तालुक्यात मराठी मुलांसाठी तुम्ही कोणता प्रयत्न केला, कोणत्या वर्षी, किती शिक्षकांच्या जागा भरल्या, किती रिक्त ठेवल्या? प्रयत्नाचे 'शॅल' आहे, म्हणून प्रयत्नाचा हिशेब लेखी मागता येतो. अर्ज मराठीत द्यावा, कलम ३५० चा उल्लेख पहिल्या ओळीत करावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.