प्रमाणपत्रातील पल्ला आणि यवतमाळचा रस्ता

पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेत विजेच्या मोटारीचा पल्ला प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर, ठरीव चालनचक्रानुसार, ताशी ९० किलोमीटरांची मर्यादा न ओलांडता आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवून मोजला जातो. ही चाचणी दोन गाड्यांच्या तुलनेस सर्वथा योग्य असली, तरी पारा ४४ अंशांवर चढलेल्या मे महिन्यात यवतमाळहून पांढरकवड्याकडे सहकुटुंब निघालेल्या गृहस्थास प्रमाणपत्रातील तो आकडा कितपत उपयोगी पडावा?

वस्तुतः ज्यावर पल्ला अवलंबून असतो, ती बॅटरीची खरी धारकता काढणे दुष्कर नाही. भार ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येईतो १५ युनिटे खर्ची पडली, तर पूर्ण धारकता ३० युनिटे, आणि किलोमीटरमागे युनिटाचा सातवा हिस्सा लागत असल्यास पल्ला २१० किलोमीटर. वर्षानुवर्षे हाच हिशेब ठेवला, म्हणजे बॅटरीचा ऱ्हासही दृष्टोत्पत्तीस येतो.

यवतमाळसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात, जेथे पुढचे चार्जिंग केंद्र दुसऱ्या तालुक्यात असण्याचा संभव, तेथे एकाच भव्य आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. म्हणून वापरयोग्य धारकता, दर किलोमीटरचा वीजखर्च आणि भर उन्हाळ्यातील पल्ला या तिन्ही बाबी विक्रीच्या दस्तऐवजात लेखी नमूद करण्याची सक्ती सरकारने विनाविलंब करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.