उपकार मानायचे, पण कसे?

परवा उपासना संपल्यावर तरुण संघातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही साक्ष द्यायला कधीच का उभ्या राहत नाही?" मी हसून विषय बदलला. पण प्रश्न काही पाठ सोडेना. म्हणून आज इथे लिहायला बसले आहे.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मी नऊ दिवस ऑक्सिजनवर होते, हे घरच्यांना माहीत आहेच. शेजारच्या खाटेवर आमच्याच मंडळीतल्या एक काकू होत्या. मी घरी आले. काकू आल्या नाहीत.

चर्च पुन्हा उघडलं तेव्हा पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. "देवाने कृपा केली, मला वाचवलं" हे वाक्य तोंडात तयार होतं. उभी राहिले आणि तिसऱ्या बाकावर काका दिसले. एकटे. मला वाचवलं ती कृपा, तर मग काकूंवर कृपा नव्हती का? "प्रभूची स्तुती असो" एवढंच म्हणून खाली बसले. त्यानंतर कित्येक दिवस जेवणाआधीची प्रार्थनाही नुसती ओठांनीच होत होती.

पुढे एकदा लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आणि जकातदाराचा दाखला वाचत होते. लहानपणापासून ऐकलेला, पण एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. परूश्याची प्रार्थनासुद्धा आभारानेच सुरू होते! फक्त तो आभार मानतो ते आपण इतरांसारखे नाही म्हणून. म्हणजे दुसऱ्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे, यासाठी मानलेले आभार. खरं सांगू? माझं ते तयार वाक्य याच जातीचं होतं.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत कृपेला 'खारिस' म्हणतात आणि उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया'. दुसरा शब्द पहिल्यातूनच निघालेला. कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं. मग ती माझ्या भक्तीचं बक्षीस कशी असेल? आणि दुसऱ्याचं मरण हा तिच्या अभावाचा पुरावा तरी कसा असेल?

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. रात्री झोपताना दिवसभरात मिळालेली एकच गोष्ट आठवायची आणि ती कोणाच्या हातून आली ते नाव घेऊन देवाला सांगायचं. भाजीवालीने न मागता घातलेली कोथिंबीर, सुनेने भरून ठेवलेलं पाणी. तुलना नाही, हिशेब नाही.

असंच एका रात्री आठवलं. दवाखान्यातली पहिली रात्र. मी भीतीने रडत होते. शेजारून काकूंनी मास्क सावरत, दम लागत असताना, थांबत थांबत तेविसावं स्तोत्र म्हटलं. माझ्यासाठी. त्या रात्रीची कृपा माझ्यापर्यंत आली ती काकूंच्याच तोंडून! आणि मी ती ऑक्सिजनच्या आकड्यांत शोधत होते.

हे काकांना मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या मुलीच्या प्रश्नाने लाज वाटली. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पूर्ण म्हटलं का तिने? शेवट ती नेहमी विसरायची."

"विसरल्या," मी म्हटलं. "शेवटचं मी म्हटलं."

काका हसले. डोळे पुसत हसले.

मला वाटतं, उपकारस्तुती म्हणजे आपण कशातून सुटलो याची यादी नव्हे. जे मिळालं ते ज्याच्या हातून आलं त्याच्यापर्यंत, तो नसेल तर त्याच्या माणसांपर्यंत, परत नेऊन पोचवणं. उभं राहून साक्ष द्यायला मला अजून जमेल की नाही, माहीत नाही. पण त्या मुलीला उत्तर द्यायला हवं.

तुमच्याकडे असं कोणाला सांगायचं राहून गेलंय का? राहिलं असेल तर आजच जा.